‘एक दिवस पकडली जाईन’: भागीदारीच्या उंबरठ्यावरची भीती

प्रश्न इंदूरच्याच एका चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा आहे. वय 34. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर त्यांनी सियागंजातल्या एका दुकानात मुनीमकी केली. दहावीपर्यंत शाळा हिंदी माध्यमाची, सीए फायनल चौथ्या अटेम्प्टला. गेली 8 वर्षं एकाच फर्ममध्ये नोकरी, आणि आता सीनिअर पार्टनर म्हणतात, ऑक्टोबरपासून तुम्ही भागीदार व्हा. त्या लिहितात: ‘मला लागतं की यांचा काहीतरी गैरसमज झालाय. सप्टेंबरात, ऑडिटच्या हंगामात, मी प्रत्येक फाइल तीनदा तपासते, रात्री दोनला उठून परत लॅपटॉप उघडते. आतापर्यंत सही सरांची होती, आता माझी असेल. एक दिवस पकडली जाईन. घरी लहानपणापासून म्हणतात, दादा हुशार, ही मेहनती. ते खरंच आहे. आधी ही भावना घालवू आणि मग हो म्हणू, की सरळ नाही म्हणून टाकू?’

हो म्हणा. भावना जायची वाट पाहू नका, कारण वाट पाहून ती जात नाही. मी या शहरात 22 वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. डॉक्टर, प्राध्यापक, कोचिंगमध्ये शिकवणारे, कापड बाजारातले दुसऱ्या पिढीचे व्यापारी, या सगळ्यांकडून हेच वाक्य थोड्याफार फरकानं ऐकलं आहे. तुमच्या बाबतीत एक सोय अशी की यातून बाहेर पडायला जे काम करावं लागतं, ते तुम्हाला आधीपासून येतं. ते ऑडिटचंच काम आहे. फक्त आजवर तुम्ही ते दुसऱ्यांच्या वह्यांवर केलंत.

आधी या अनुभवाचं नाव नीट समजून घेऊ. 1978 मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी एक लेख लिहिला. 150 पेक्षा जास्त यशस्वी स्त्रिया त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. पदव्या होत्या, मान होता, आणि तरी आपण लोकांना फसवून इथवर आलो असं त्या बायकांना आतून वाटत होतं. लेखिकांनी याला ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’ म्हटलं. फेनॉमेनन म्हणजे एक अनुभव, एक घडणारी गोष्ट. ‘सिंड्रोम’ हा शब्द पुढे लोकांच्या तोंडी बसला आणि त्यामुळे तो आजार असल्यासारखा ऐकू येतो. मानसिक आजारांच्या ज्या दोन मोठ्या याद्या जगभर वापरतात, त्यांपैकी एकीतही हे निदान नाही. तुम्हाला काही ‘झालेलं’ नाही, एवढं पहिल्यांदा ध्यानात घ्या.

मराठीत ‘इम्पोस्टर’साठी ‘तोतया’ हा शब्द आपल्याकडे आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा करत एक माणूस उभा राहिला, त्यानं बरीच माणसं आणि मुलूख गोळा केला, आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. त्याची गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्यांना मुद्दाम सांगते. आपण भाऊ नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तो रोज ठरवून खोटं बोलत होता. तुम्ही कोणतं खोटं बोललात? परीक्षा तुम्ही दिलीत, फाइली तुम्ही तपासल्यात, सरांनी 8 वर्षं तुमचं काम पाहिलं. तोतयाला लागतं ते खोटं तुमच्याजवळ नाही. तुमच्याजवळ आहे ती त्याची भीती.

ही भीती येते कुठून? तुमच्या पत्रातलं ‘दादा हुशार, ही मेहनती’ हे वाक्य वाचून मी थबकले. त्या 1978 च्या लेखात दोन प्रकारच्या घरांचं वर्णन आहे. एका प्रकारच्या घरात मुलगी म्हणजे सर्वगुणसंपन्न, तिला सगळं आपोआप येतं, असा समज असतो. मग पहिल्यांदा काही अवघड गेलं की तिला वाटतं, घरच्यांची फसवणूक झाली. दुसऱ्या प्रकारच्या घरात हुशारीचं पद एका भावंडाला आधीच दिलेलं असतं आणि दुसऱ्याच्या वाट्याला वेगळा गुण येतो. त्या मुलीनं पुढे कितीही मिळवलं, तरी घर आपलं मत बदलत नाही. हळूहळू तीही ते मत आपलं मानते.

आपल्या घरांत ही वाटणी फार सहज होते. पाहुण्यांसमोर बोलताना, गणपतीच्या दिवसांत, लग्नाच्या पंगतीत. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, ‘मेहनती’ ही शाबासकीच असते. पण त्या शब्दानं तुमच्या वह्यांत एक कायमची चुकीची खतावणी सुरू झाली. मिळालेलं प्रत्येक यश ‘मेहनत’ या खात्यात जातं, आणि ते खातं हलकं, कारण मेहनत काय कोणीही करू शकतं. प्रत्येक चूक मात्र ‘अक्कल नाही’ या खात्यात नावे पडते, आणि ते खातं कधी बंद होत नाही. ऑडिटची फाइल अहवालाच्या तारखेपासून साधारण 60 दिवसांत बांधून बंद करायची असते. चौथ्या अटेम्प्टची फाइल तुम्ही 8 वर्षं उघडी ठेवली आहे.

आता सप्टेंबरच्या रात्रीकडे येऊ. सगळ्या उत्तरातला महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

क्लान्स यांनी एक चक्र सांगितलं आहे. मोठं काम समोर आलं की धास्ती सुरू होते. मग माणूस दोनपैकी एक करतो: गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी, किंवा शेवटच्या दिवसापर्यंत टाळाटाळ आणि मग एका रात्रीत सगळं. काम बहुतेक वेळा चांगलंच होतं. थोडा वेळ हायसं वाटतं, कौतुकही होतं. पण ज्यानं अति तयारी केली तो म्हणतो, ‘एवढं राबलो म्हणून जमलं, खऱ्या हुशार माणसाला इतकं लागत नाही.’ ज्यानं टाळलं तो म्हणतो, ‘नशीब म्हणून वाचलो.’ दोघांच्याही हातात यशाचा पुरावा होता आणि दोघांनी तो फेकून दिला. पुढच्या कामाला दोघंही परत रिकाम्या हातानं उभे राहतात.

म्हणून ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ हा सल्ला मी कुणाला देत नाही. विश्वास ठेवायला आधार लागतो आणि तुमचं चक्र तो आधार दर वेळी खाऊन टाकतं. तिसरी तपासणी ही तुमची खबरदारी आहे असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते तीच या भीतीचं रोजचं अन्न आहे. कारण तिसऱ्यांदा तपासून फाइल बरोबर निघाली, की श्रेय तिसऱ्या तपासणीला जातं. दुसऱ्याच तपासणीत ती बरोबर होती, हे तुम्हाला कधी कळतच नाही.

तुमच्या ऑडिट अहवालात कोणता शब्द असतो ते आठवा. तुम्ही ग्राहकाला ‘रीझनेबल अश्युरन्स’ देता. म्हणजे वाजवी खात्री, उच्च दर्जाची, पण संपूर्ण नव्हे. तुमच्या ऑडिटिंगच्या मानकांतच ते स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही प्रत्येक व्हाउचर पाहत नाही, नमुना निवडता. सापडलेली प्रत्येक चूक अहवालात घालत नाही, ती किती मोठी, तिनं चित्र बदलतं का, हे पाहता. उद्या कुणी ग्राहक म्हणाला, ‘मॅडम, शंभर टक्के खात्री द्या, एकही चूक नाही असं लिहून द्या,’ तर तुम्ही काय म्हणाल? असं लिहून देणं शक्य नाही, असंच ना? मग हीच अशक्य खात्री तुम्ही रात्री दोन वाजता स्वतःकडे मागता, आणि ती मिळत नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवता.

तेव्हा या हंगामात एक प्रयोग करा. दहा फाइली निवडा, लहानमोठ्या मिसळून. एक साधी वही घ्या. काम सुरू करण्याआधी प्रत्येक फाइलपुढे लिहा: किती तास लागतील, कुठे चूक होईल असं वाटतं, आणि ती चूक खरंच होण्याची शक्यता शंभरात किती. मग नेहमीप्रमाणे दोनदा तपासा. दुसऱ्या तपासणीनंतर तारीख आणि वेळ टाकून एक रेघ मारा. पहिल्या पाच फाइली तिसऱ्यांदा तपासा, पण त्या रेघेखाली नेमकं काय सापडलं तेवढंच लिहा. स्पेलिंगची चूक सापडली तर तसं, आकडा बदलला तर तसं, काहीच नाही तर ‘काही नाही’. हे शब्द लिहायला हात जड होईल, तरी लिहा. पुढच्या पाच फाइली तिसऱ्यांदा उघडू नका. फर्मच्या नेहमीच्या पद्धतीनं त्या सरांच्या नजरेखालून जातीलच, म्हणजे ग्राहकाला धोका नाही. सरांना काय सापडलं ते वहीत लिहा.

हे करताना त्रास होणार. पहिल्या एक-दोन रात्री झोप आणखी उडेल, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की उपायच चुकला. उठून लॅपटॉप उघडावासा वाटला तर वही उघडा आणि त्या क्षणी कोणती चूक डोळ्यांसमोर येते ते एका ओळीत लिहा. सकाळी त्या ओळीची शहानिशा करा. रात्रीच्या ओळी आणि सकाळचे निकाल शेजारी शेजारी आले की त्यांच्यातलं अंतर तुमच्या तुम्हाला दिसेल. आणि समजा तिसऱ्या तपासणीत खरोखर मोठ्या चुका सापडल्या, तर तेही उपयोगाचं आहे. मग दुसऱ्या तपासणीची पद्धत बदलायची, चेकलिस्ट सुधारायची. दोन्हीकडून तुम्हाला माहिती मिळते. भीतीकडून माहिती मिळत नाही, ती फक्त राबवून घेते.

कौतुकाचंही असंच खातं ठेवा. कुणी ‘छान काम केलंत’ म्हटलं की आपल्या तोंडून आपसूक निघतं, ‘अहो, त्यात काय,’ ‘सरांचं मार्गदर्शन,’ ‘तुमचे आशीर्वाद.’ हे आपले संस्कार आहेत आणि मला ते मनापासून आवडतात, ते सोडा असं मी म्हणणार नाही. मोठ्यांसमोर ‘तुमचे आशीर्वाद’ जरूर म्हणा. फक्त घरी येऊन वहीत तसं लिहू नका. वहीत लिहा: जीएसटीच्या नोटिशीला उत्तर मी तयार केलं, तो कलम मी शोधला, मागणी रद्द झाली. कर्ता ‘मी’ आणि क्रियापद पूर्ण. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना हे ‘मी’ लिहायला महिना लागतो, कारण बोलण्यातली नम्रता त्यांनी हिशेबातही उतरवलेली असते.

मेहनतीबद्दलही एक सांगायचं आहे. मेहनत हा हुशारीपेक्षा खालचा गुण आहे, हे कुणी ठरवलं? नोकरी सांभाळून चौथ्यांदा त्याच परीक्षेला बसणं, मागच्या वेळी कुठे चुकलं ते शोधून अभ्यासाची रीत बदलणं, यात बुद्धी नाही का? तीन वेळा त्याच रीतीनं अभ्यास करून चौथ्यांदा कुणी आपोआप पास होत नाही. काय बदललंत ते आठवून लिहा. ते वाचून ‘नुसती मेहनत’ असं तुम्हालाच म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू. तुमच्या भीतीत काही भाग खरा असेल, आणि तो खोटा म्हणून झटकणं मला पटत नाही. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं आहे की मुंबई-पुण्याच्या कंपन्यांबरोबर इंग्रजीत कॉल असला की घसा कोरडा पडतो. आपली इंदूरची मंडळी तीन भाषांच्या तिठ्यावर उभी असतात. घरी मराठी, रस्त्यावर आणि ग्राहकाशी हिंदी, कागदावर इंग्रजी. पुण्याला गेलं की ‘मला लागतं’ म्हटल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, कारण त्याच्याकडे ‘वाटतं’ असतं. इथे शाळेत आपण ‘मराठी लोग’. त्यामुळे कुठेच पूर्ण आपली जागा नाही असं वाटण्याची सवय आपल्याला लहानपणापासून असते, आणि मोठेपणी ती सवय ‘माझी लायकी नाही’ या कपड्यात समोर येते. इंग्रजीत अडखळणं ही उणीव आहे आणि उणिवेवर शिकवणी असते. कॉलच्या आदल्या दिवशी तीन मुद्दे इंग्रजीत मोठ्यानं बोलून पाहा, आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास कुणाबरोबर तरी फक्त कामाविषयी इंग्रजीत बोला. सहा महिन्यांत फरक पडतो, मी पाहिला आहे. तुमची आकड्यांची समज मात्र इंग्रजीत राहत नाही. वडिलांना सियागंजात रोजमेळ लिहिताना पाहिलंत, तेव्हापासूनची ती आहे.

आणि काही भाग तुमचा मुळीच नाही. तुम्ही लिहिलंत, एक जुने ग्राहक केबिनमध्ये आले आणि म्हणाले, ‘बेटा, सर को बुला दो.’ त्या रात्री तुम्हाला वाटलं की त्यांना बरोबर कळलं, आपण सीए वाटतच नाही. थांबा. त्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर सीए म्हणजे पुरुष, एवढाच त्याचा अर्थ. 2021 च्या सुमारास काही अभ्यासक स्त्रियांनी हाच आक्षेप जोरात मांडला: स्त्रियांच्या मनात दोष शोधण्याआधी त्यांना जिथे काम करावं लागतं त्या जागा तपासा. मला तो आक्षेप रास्त वाटतो. अशा प्रसंगाची नोंद वहीत वेगळ्या पानावर करा, आणि सरांशी बोला की पुढच्या बैठकीत तुमची ओळख त्यांनी स्वतः ‘या फाइलच्या प्रमुख’ म्हणून करून द्यावी. ग्राहक ती ओळख लगेच पकडतात.

हे फक्त बायकांचं आहे असंही समजू नका. 2020 मध्ये 62 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात 14,161 माणसं होती. मोजायची पट्टी आणि रेषा कुठे धरली त्यावर प्रमाण 9 टक्क्यांपासून 82 टक्क्यांपर्यंत निघालं, आणि पुरुषही भरपूर होते. त्याच आढाव्यात हेही नोंदवलं आहे की खास या अनुभवावरच्या उपचारांची परीक्षा घेणारे अभ्यास तेव्हापर्यंत प्रसिद्धच झाले नव्हते. म्हणून वर जे सांगितलं, ते चिंतेवर वापरल्या जाणाऱ्या पद्धतींमधून आणि माझ्या खोलीतल्या अनुभवातून आलं आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

त्या खोलीतलं एक दृश्य सांगते, तपशील बदलून. काही वर्षांपूर्वी मी शनिवारी दुपारी चौघांचा एक गट घेत असे. त्यात एक सर्जन होते, केस पांढरे झालेले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘प्रत्येक ऑपरेशनच्या आधी वाटतं, आज कळणार सगळ्यांना.’ शेजारी बसलेली पंचविशीची शिक्षिका त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं, हे फक्त आपलं आहे आणि वय वाढलं की जाईल. त्या दिवशी ती घरी जाताना रडली, पण पुढच्या शनिवारी आली ती वेगळ्या चेहऱ्यानं. सगळे आपापली भीती झाकतात, म्हणून प्रत्येकाला वाटतं बाकीचे निश्चिंत आहेत. तेव्हा तुमचं हे गुपित एका माणसाला सांगा. तो तुमच्या फर्मच्या बाहेरचा असावा, तुमच्याच व्यवसायात दहा-पंधरा वर्षं पुढे असलेला. आणि चौथ्या अटेम्प्टची गोष्ट तुमच्या हाताखालच्या आर्टिकल्सना, म्हणजे सीएचं शिक्षण घेणाऱ्या शिकाऊ मुलांना, सांगा. त्यांच्यातला कुणीतरी नुकताच नापास होऊन तोंड लपवत असेल.

एक काळजीचा मुद्दा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, धडधड आणि गुदमरल्याचे झटके येत असतील, तर हे वहीचं काम राहत नाही, डॉक्टरांना दाखवा. जगणंच नको असे विचार आले तर त्याच दिवशी. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, हिंदी आणि मराठीतही बोलता येतं.

आता तुमची सही. भागीदार झाल्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या कागदाची ओळख पटवणारा 18 अक्षर-आकड्यांचा क्रमांक, तुमच्या लॉगिनमधून निघेल आणि कागदावर तुमचं नाव असेल. पहिल्या काही वेळा हात थरथरेल. थरथरू द्या, सही तरीही चालते. पण हो म्हणण्याआधी सरांना भेटून चार गोष्टी विचारा: कोणत्या फाइली माझ्या, नफ्यात वाटा किती, पहिल्या वर्षी माझ्या अहवालांवर तुमची दुसरी नजर राहील का, आणि फर्म सोडायची वेळ आली तर हिशेब कसा होईल. ‘मला देताहेत हेच खूप’ असं मनात येईल आणि हे प्रश्न गिळावेसे वाटतील. म्हणून ते कागदावर लिहून न्या. भागीदारीच्या कराराचा मसुदा हातात आला की तो कापड बाजारातल्या एखाद्या ग्राहकासाठी वाचताहात असं समजून वाचा, आणि त्याला जिथे ‘इथे सही करू नका, आधी हे बदलून घ्या’ म्हणाला असतात, तिथे पेन्सिलीनं खूण करा.